आधी भायखळा, मग काळा घोडा

चोरखमारा गेटवर गाइडचं काम करणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: नागझिरा एका फेरीत दाखवायचं नसतं. सकाळच्या फेरीला जिथे जायचं तिथे दुपारी जाऊन उपयोग नाही, उन्हाळ्यात पाणवठा सोडून भटकण्यात अर्थ नाही, आणि पाहुण्याने कितीही घाई केली तरी जिप्सी थांबवून पाच मिनिटं गप्प बसल्याशिवाय काही दिसत नाही. मुंबईला चित्रं आणि शिल्पं पाहायला निघालेल्या माणसाला हेच ज्ञान लागतं. तरी आपल्याकडून जाणारी बहुतेक मंडळी नुसती यादी घेऊन निघतात. म्युझियम, जहांगीर, राणीबाग, घारापुरी. यादी बरोबर असते, क्रम लावलेला नसतो. मग बुधवारी राणीबागेचं फाटक बंद सापडतं, सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, आणि सगळ्यात मोठं संग्रहालय दुपारी तीन वाजता, पोट भरलेलं आणि पाय दुखत असताना वाट्याला येतं.

ही कृती तीन दिवसांची आहे. गोंदियाहून रात्रीच्या प्रवासाने मुंबईला जाणाऱ्या, घरातली मुलं आणि एखादी आजी सोबत असलेल्या कुटुंबासाठी ती लिहिली आहे. शाळेच्या शिक्षकांनाही चालेल. क्रम लावताना तीन गोष्टी पाहायच्या. कोणतं ठिकाण कोणत्या वारी बंद असतं, आपले डोळे आणि पाय कधी ताजे असतात, आणि एका ठिकाणी पाहिलेलं दुसऱ्या ठिकाणी कसं उपयोगी पडतं. पहिल्या दोन गोष्टी कुणीही सांगेल. तिसरीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते खरा क्रम तिच्यावरच ठरतो.

१. निघण्याचा महिना ठरवा

अभयारण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना सवड पावसाळ्यात मिळते, कारण तेव्हा सफारी बंद असते. पण जुलै आणि अर्धा ऑगस्ट रोवणीत जातो. म्हणजे हातात उरतो ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर. या दिवसांत मुंबईची संग्रहालयं उघडी असतात आणि आत पावसाचा त्रासही नाही. अडचण घारापुरीची. समुद्र खवळलेला असला की गेटवेहून बोटी सुटतील याचा भरवसा नसतो. शिवाय गणपतीचे दहा दिवस या काळात आले तर लोकल, रस्ते आणि लॉज तिन्ही भरलेले असतात. ते दिवस टाळावेत.

ज्यांना जमेल त्यांनी धान कापून, मळणी आटोपून डिसेंबर-जानेवारीत जावं. हवा चांगली असते, बोटी नियमित असतात. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत केव्हातरी काळा घोडा कला महोत्सव भरतो. १९९९ पासून तो चालू आहे. रस्त्यावर मांडलेली कला, गाणी, नाटकं पाहायची असतील तर त्याच दिवसांत जा. शांतपणे दालनं पाहायची असतील तर तो आठवडा सोडून द्या. एकाच फेरीत दोन्ही साधत नाही.

२. मुंबईच्या आधी एक दिवस नागपूर

हे पाऊल गाळू नका. मुंबईला जाण्याच्या महिनाभर आधी, वेगळ्या दिवशी, सकाळच्या गाडीने नागपूरला जाऊन संध्याकाळी परत या. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ मध्ये सुरू झालं. सोमवारी ते बंद असतं. दुरुस्तीमुळे काही दालनं बंद नाहीत ना, हे आधी विचारून घ्यावं.

इथे जाण्याचं कारण सरावाचं आहे. ज्या मुलाने कधी संग्रहालय पाहिलेलं नाही ते पहिल्या तासात फक्त पळतं. पेट्यांमध्ये पेंढा भरलेले प्राणी दिसले की आपली मुलं हसतात, कारण त्यांना ते जिवंत पाहायला मिळतात. ते हसणं, पळणं अजब बंगल्यात होऊन जाऊ द्या. मग त्यांना एका पेटीपुढे उभं करा: गुंगेरियाचं तांबं. गुंगेरिया आपल्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. १८७० मध्ये तिथे जमिनीत ४२४ तांब्याची हत्यारं आणि १०२ चांदीचे पत्रे एका जागी सापडले. त्यातल्या काही वस्तू नागपुरात आहेत, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. वैनगंगेच्या खोऱ्यातली वस्तू पेटीत ठेवलेली पाहिली की संग्रहालय म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तूंचं घर, ही समजूत पहिल्याच दिवशी जाते.

मुलांना तिथे एकच काम द्या. प्रत्येकाने एक वस्तू निवडायची, तिच्यापुढे पाच मिनिटं थांबायचं आणि घरी आल्यावर आठवून तिचं चित्र काढायचं. मुंबईत हेच काम पुन्हा द्यायचं आहे.

३. बंदचे वार मांडून निघण्याचा वार ठरवा

एका कागदावर सात वार लिहा आणि खाली खुणा करा. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (एनजीएमए) सोमवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, आणि ज्या राणीबागेत ते आहे तीही बुधवारी बंद. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवडाभर उघडं असतं, काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. जहांगीर कलादालन रोज उघडं. जगभर असेच वार असतात. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी. परदेशात असलेल्या आपल्या भाच्याला विचारलंत तर तोही आधी वारच सांगेल.

आता माझा क्रम असा: पहिल्या दिवशी भायखळा, दुसऱ्या दिवशी काळा घोडा परिसर, तिसऱ्या दिवशी घारापुरी. या क्रमात पहिला दिवस बुधवार असून चालणार नाही, दुसरा सोमवार नको आणि तिसराही सोमवार नको. म्हणजे मुंबईत सोमवार, मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवारी उतरावं लागेल. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते, म्हणून गोंदियाहून निघण्याचे वार रविवार, सोमवार, बुधवार आणि गुरुवार. गुरुवारी निघालात तर घारापुरी रविवारी येते आणि तिथे मुंबईची सगळी गर्दी लोटलेली असते. तेव्हा माझी पसंती बुधवारी निघण्याला. नाही जमलं तर सोमवारी.

वारांशिवाय आणखी एक तपासणी करायची. या सगळ्या जुन्या इमारती आहेत आणि त्यांना वरचेवर दुरुस्ती लागते. एनजीएमएमध्ये एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावेपर्यंत दालनं बंद असू शकतात. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी, दोन्ही वेळा फोन करून विचारा. नुसतं इंटरनेटवर पाहून निघू नका, तिथली माहिती कधीकधी जुनी असते.

४. पहिला दिवस: स्टेशनपासून सुरुवात, मग भायखळा

गोंदियाहून दुपारी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते. सामान कुलूप लावून अमानती सामान घरात ठेवता येतं. कुलूप नसलेली पिशवी ते घेत नाहीत, हे घरातूनच लक्षात ठेवा. लॉज जवळ घेतला असेल तर उत्तमच.

संग्रहालयं दहाच्या पुढे उघडतात. तोवर हातात दोन-तीन तास आहेत, आणि पहिली पाहण्याची वस्तू डोक्यावरच आहे. हे स्टेशन फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने रचलं. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. २००४ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच्या भिंतींवरचे दगडी प्राणी, पानं आणि चेहरे घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते. नाश्ता झाला की रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि मुलांना दगडातले प्राणी मोजायला लावा. तिकीट नाही, रांग नाही, आणि रात्रभर आखडलेले पाय मोकळे होतात.

पहिल्या दिवशी सगळ्यात मोठं संग्रहालय घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगतो. रेल्वेत झोप अर्धवट झालेली असते. अशा वेळी दोन तासांत पाहून होणारी जागा हवी, आणि तीही जिच्याबाहेर झाडं आणि बाकं आहेत अशी. म्हणून भायखळा. सीएसएमटीहून मशीद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं स्टेशन भायखळा. पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची बाग.

इथलं संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलं. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. ते मुंबईतले नामांकित डॉक्टर होते, जुने शिलालेख वाचणारे विद्वान होते, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर हे संग्रहालय उभं करण्यासाठी झटले होते. इमारत जीर्ण झाली होती. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये ती पुन्हा उघडली आणि त्या कामाला २००५ मध्येच युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला होता. आत हिरवे-सोनेरी खांब, कठडे आणि नक्षीचं छत. खाली मातीच्या छोट्या प्रतिमांमधून त्या काळातले लोक, त्यांचे पेहराव आणि धंदे दाखवले आहेत. आजीला इथे सगळ्यात जास्त बोलायला सुचतं. तिला बोलू द्या आणि मुलांना तिच्याशेजारी उभं करा.

बाहेर आल्यावर दोन गोष्टी शोधायच्या आणि त्या नीट लक्षात ठेवायच्या. पुढच्या दोन दिवसांचा क्रम त्यांच्यावर उभा आहे.

पहिली, दगडी हत्ती. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगिजांनी त्याच्यामुळेच बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ मध्ये पुन्हा सांधून हत्ती उभा केला गेला. जवळ जाऊन सांधे पाहा.

दुसरी, काळ्या घोड्यावर बसलेला राजपुत्र. हा सातवा एडवर्ड, राजा होण्याआधीचा. हा पुतळा डेव्हिड ससून कुटुंबातल्या अल्बर्ट ससून यांनी दिला आणि १८७९ पासून तो फोर्टातल्या चौकात होता. १९६५ मध्ये तो तिथून हलवून राणीबागेत आणला. घोडा इथे आला, पण चौकाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं.

दुपारी लवकर परत या आणि झोपा. पहिल्या दिवशी आणखी काही बघण्याचा हट्ट करू नये. मुलांना राणीबागेतले प्राणी पाहायचे असतील तर तेवढे पाहू द्या.

५. दुसरा दिवस, सकाळ: सगळ्यात मोठं सगळ्यात आधी

आज झोप झालेली आहे, तेव्हा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सव्वादहाला उघडतं. दारात दहालाच हजर राहा. सीएसएमटीहून पायी वीस-पंचवीस मिनिटं लागतात. महात्मा गांधी रस्त्याने जाताना २०१७ मध्ये बसवलेला नवा घोडा लागतो, त्याच्यावर स्वार नाही. काल राणीबागेत स्वारासहित घोडा पाहिलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, ती स्वतःच विचारतात. ही वाट उलट केली, म्हणजे आधी काळा घोडा आणि मग भायखळा, तर हा प्रश्नच उभा राहत नाही.

संग्रहालयाची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ ला पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते झाली. टॅक्सीवाले ते अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम याच नावाने ओळखतात. इमारत जॉर्ज विटेट यांची, घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. १९१४ मध्ये बांधून तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालयासाठी वापरली गेली आणि लोकांसाठी १९२२ मध्ये उघडली.

इथे आतला क्रमही लागतो. तिकिटाबरोबर नकाशा घ्या आणि पुढीलप्रमाणे जा.

आधी तळमजल्यावरचं शिल्पदालन. मोठ्या वस्तू लांबून दिसतात, मुलांना समजतात आणि गर्दी वाढण्याआधी त्यांच्याभोवती फिरता येतं. इथे घारापुरीहून आलेली शिल्पं आहेत. काल हत्ती पाहिला, उद्या ते बेट पाहायचं आहे, आज मधली कडी. ऐहोळेच्या देवळातली छताची शिल्पं पाहा. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून आणलेल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती तर चुकवूच नका: बुद्ध, आणि हातात कमळ धरलेला एक दाता. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाने इथे जास्त थांबावं असं मला वाटतं, कारण आपल्या पवनीलाही वैनगंगेच्या काठी स्तूप होते आणि १९६९-७० च्या उत्खननात ते उजेडात आले. सिंधूच्या खोऱ्यात आणि वैनगंगेच्या काठी, दोन्हीकडे स्तूप उभे होते, हे मुलांना मूर्तीसमोर सांगितलं तर त्यांच्या लक्षात राहतं.

शिल्पांना एक तास पुरे. मग बाहेर बागेत बसून पाणी प्या. हा पंधरा मिनिटांचा थांबा क्रमाचाच भाग आहे. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. एका माणसाला पेट्यांमधल्या वस्तू पाहायला लावून त्यांनी त्याची छायाचित्रं काढली. वाकणं, मान वळवणं, टाचा उचलणं, गुडघ्यांवर बसणं हे सगळं त्या छायाचित्रांत दिसतं. माणूस कलेला कंटाळत नाही, वाकून वाकून थकतो, हे त्यांनी दाखवलं. रोवणी करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. म्हणून ज्या दालनात वाकावं लागतं, तिथे विसावा घेऊनच जायचं.

ते दालन म्हणजे लघुचित्रांचं. कागद लहान, रेषा केसासारखी, आणि रंग उडू नयेत म्हणून उजेड मंद. या संग्रहालयात अकबराच्या चित्रशाळेतल्या अन्वार-इ-सुहैलीच्या प्रतीची पानं आहेत. ही पंचतंत्राच्याच परंपरेतल्या गोष्टींची फारसी प्रत, म्हणजे चित्रांत सगळीकडे प्राणी. नाजूक पानं नेहमी भिंतीवर ठेवत नाहीत, अधूनमधून बदलतात, पण मुघल, राजस्थानी आणि पहाडी चित्रांत प्राणी आणि पक्षी काही ना काही सापडतातच. नागझिऱ्याकडच्या माणसाला इथे इतर कुणाहून जास्त दिसेल, याची मला खात्री आहे. शहरातला पाहुणा हरिण पाहून पुढे जातो. तुम्ही विचाराल, हे चितळ की काळवीट? कान कुठल्या दिशेला आहेत? याला वास लागलाय की नाही? वाघ काढणाऱ्याने वाघ पाहिला होता की ऐकून काढला? ही परीक्षा घेतच चला. चित्रकाराने कुठे डोळसपणे पाहिलं आणि कुठे नुसती रीत पाळली, हे कळायला लागलं की लघुचित्र कळायला लागलं.

इथे दर माणशी चारच चित्रं. सगळी पाहू नका. एका चित्रापुढे पाच मिनिटं, मग दुसरं.

बाराच्या पुढे थांबा. शस्त्रांच्या दालनात अकबराच्या नावाची ढाल आहे. मुलांचा हट्ट असेल तर तेवढी पाहून या. टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय तैलचित्रं, चिनी-जपानी वस्तू, हिमालयातली कला यांना या फेरीत रजा द्या. सोडून देण्याचं दुःख होतं, हे मान्य आहे. तरीही सोडा.

६. दुसरा दिवस, दुपार: आपली माणसं

जेवायला काळा घोड्याच्या आसपास खर्च जास्त येतो. फोर्टाच्या गल्ल्यांकडे चालत गेलं की साधी जेवणं मिळतात. जेवून तासभर बसा.

दुपारी आधुनिक चित्रं पाहायची, आणि ती आपल्याकडच्या माणसांपासून. वस्तुसंग्रहालयाच्याच पूर्व बाजूला जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. निकल्सन कापसाच्या व्यापारातले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चित्रं घ्यायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये वारले तेव्हा मागे मोठा संग्रह होता. दालन २०११ पासून सुरू झालं. सकाळचं तिकीट जपून ठेवा, परत आत सोडतात का ते बाहेर पडतानाच विचारा. सोडत नसतील तर हे दालन जेवणाआधी उरकावं लागेल, आणि लघुचित्रांचा वेळ थोडा कापावा लागेल.

या संग्रहात रझा आणि गायतोंडे दोघंही आहेत. भिंतीवर त्या दिवशी काय असेल ते चालू प्रदर्शनावर अवलंबून, पण ही दोन नावं तोंडपाठ करून जा. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील वनखात्यात होते, बालपण जंगलात गेलं. चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपूरच्या कला विद्यालयात, मग जे. जे., मग १९५० मध्ये पॅरिस. साठेक वर्षं फ्रान्समध्ये राहून त्यांनी काढला तो बिंदू, आणि २०१६ मध्ये वारल्यावर त्यांना मंडल्यात वडिलांच्या शेजारी पुरलं. वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये नागपुरात जन्मले, जे. जे. मध्ये शिकले. त्यांच्या चित्रात ना माणूस, ना झाड, नुसता थरावर थर चढवलेला रंग. मुलं विचारतील, ‘हे काय आहे?’ उत्तर द्यायची घाई करू नका. पहाटे चोरखमाऱ्याच्या तलावावर धुकं असताना काय दिसतं ते त्यांना विचारा, आणि पुन्हा चित्राकडे पाहायला सांगा.

यानंतर एनजीएमए की जहांगीर, असा प्रश्न येतो. वेळ पाहून ठरवा. एनजीएमए समोरच्या चौकात आहे. ती इमारतही विटेट यांचीच, १९११ चं सर कावसजी जहांगीर सभागृह. तिथे सभा आणि मैफली होत. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झालं. अर्धगोल मजले एकावर एक चढत जातात, म्हणून आजीचे गुडघे पाहूनच आत शिरा. चांगलं प्रदर्शन लागलं असेल आणि पाय साथ देत असतील तर तास द्या. नसतील तर बिनदिक्कत वगळा.

जहांगीर मात्र वगळू नका, आणि ते शेवटीच ठेवा. वस्तुसंग्रहालयाच्या बाजूलाच आहे, प्रवेश फुकट आहे आणि संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, बाकी सगळं सहाला बंद होतं. पण शेवटी ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. १९५२ मध्ये बांधलेल्या या दालनात आठवड्याला नवी प्रदर्शनं लागतात, सहसा मंगळवारी, आणि चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. दिवसभर पाहून डोळे थकलेले असतात, तेव्हा इथे पाहण्यापेक्षा बोलायचं. ‘हा रंग कशाने लावला, किती दिवस लागले, हेच का काढलं,’ असं मुलांना विचारू द्या. संकोच करू नका, त्यांना असे प्रश्न आवडतात. सकाळी ज्यांनी मूर्ती घडवल्या त्यांची नावंही उरलेली नाहीत. संध्याकाळी चित्र काढणारा माणूस समोर खुर्चीवर बसलेला असतो. हा फरक एकाच दिवसात दिसावा म्हणून सकाळ-संध्याकाळ अशी मांडली आहे.

७. तिसरा दिवस: बेट

आज संध्याकाळची गाडी पकडायची आहे, म्हणून सकाळची पहिली बोट गाठा. गेटवेपासून बेटापर्यंत सुमारे तासभर लागतो. धक्क्यापासून लेण्यापर्यंत एकशेवीसच्या आसपास पायऱ्या आहेत. पाणी सोबत ठेवा, खायचं पिशवीत बंद ठेवा, माकडं धीट आहेत.

घारापुरीची लेणी साधारण सहाव्या शतकातली. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मुख्य लेण्यात गेल्यावर सरळ सदाशिवाकडे धावू नका. अठरा फुटांहून उंच ती मूर्ती समोरच आहे, ती कुठे जात नाही. आधी डावी-उजवीकडचे पट पाहा आणि डोळे काळोखाला सरावू द्या. कालच्या दालनात ही शिल्पं उजेडात, पाटीसह, भिंतीला टेकून उभी होती. इथे दगड डोंगरातच आहे आणि उजेड फक्त दारांतून येतो. त्याच घराण्यातली मूर्ती दोन जागी वेगळी का वाटते, हे विचारायला हा एकच दिवस मिळतो. परवा पाहिलेला हत्ती इथूनच गेला, हेही मुलांना इथेच पुन्हा सांगा.

दुपारी अडीच-तीनपर्यंत परतीची बोट धरा. चारच्या पुढे बेटावर राहून गाडी पकडण्याचा धोका पत्करू नये.

८. क्रम मोडला तर

समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या, तर तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तुसंग्रहालयातलं जे सोडलं होतं ते घ्या: युरोपीय चित्रं, हिमालयातली कला. दुसऱ्यांदा तिकीट काढायला लागलं तरी ते पैसे वाया जात नाहीत. भायखळा बंद निघालं तर पहिल्या दिवशी फक्त जहांगीर आणि गेटवे करा, पण मोठं संग्रहालय पुढे ओढू नका. एखादं मूल तापलं तर दुपारची सगळी ठिकाणं कापा, सकाळचं एक वाचवा. काहीही झालं तरी दिवसाला एकच मोठं आणि ते सकाळी, एवढं सोडू नका.

पाचवी-सहावीच्या मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी शाळेची ओळखपत्रं आणि मुख्याध्यापकांचं पत्र घ्यावं, विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. छायाचित्रांचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत, ते दारातच विचारा. पेनऐवजी पेन्सिल न्या. बहुतेक दालनांत वहीत पेन्सिलीने चित्र काढायला हरकत घेत नाहीत.

दुसऱ्यांदा मुंबईला जाल तेव्हा हा क्रम वापरू नका. तेव्हा सुरुवात निकल्सन दालनापासून करा, मग एनजीएमए पूर्ण पाहा, जे. जे. चा परिसर बाहेरून का होईना बघा, आणि शिल्पदालनात सगळ्यात शेवटी, फक्त मीरपूरखासच्या दात्यासाठी अर्धा तास जा.